दोन कचेऱ्या आणि आपली पावती

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे बहुधा आरोग्यावर, बालसंगोपनावर, नाही तर कोणी काशीयात्रा करून आले असेल तर यात्रेवर भाषण होते. यंदा मला उभे केले आहे ते जरा रुक्ष विषयावर बोलण्यासाठी. श्रावणातल्या सभेत आपण एक मोठी देणगी नाकारली. ठराव मंजूर झाला खरा, पण सगळ्यांच्या मनाला तो पटला नाही. सभा संपल्यावर चपला घालताना दोघी-तिघी म्हणाल्या, "दीड लाख रुपये आयते दाराशी आले होते आणि आपण उगीच सोवळे नेसून बसलो." एकीने विचारले, की इन्कम टॅक्सवाल्यांना मोठमोठे कारखानदार सोडून पापड-कुरडयांच्या मंडळाकडे बघायला सवड तरी आहे का?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर सरकारच्या दोन निरनिराळ्या कचेऱ्या एकमेकींशी कशा बोलतात ते सांगावे लागते. मी सातवीपर्यंत शिकलेली. परंतु वीस वर्षे घरचा आणि सहा वर्षे मंडळाचा जमाखर्च लिहिते आहे, आणि माझा भाचा सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी करतो. प्रश्न विचारून विचारून मी त्याला भंडावून सोडले. शेवटी तो म्हणाला, "मावशी, परीक्षेतसुद्धा इतके विचारीत नाहीत." त्याच्याकडून जे समजले, आणि त्याने आणून दिलेले कागद दुपारच्या वेळी बसून वाचले, ते माझ्या भाषेत सांगते.

आधी देणगी काय होती ते सर्वांना ठाऊक असावे. एका गृहस्थांनी मंडळाला बारा लाखांचा धनादेश देऊ केला होता. त्यांचे नाव मी घेत नाही. ते आपल्यापैकी कोणाच्या नात्यातलेही नाहीत. अट अशी, की बारा लाखांची पावती द्यायची, त्यातले दीड लाख मंडळाने ठेवायचे आणि साडेदहा लाख रोख काढून त्यांना परत करायचे. आपल्या वहीत खर्च काय दाखवायचा? तर शिलाई यंत्रांची बिले तेच आणून देणार होते. यंत्रे मात्र येणार नव्हती. आपल्या मंडळाला देणगीवरच्या करसवलतीचे प्रमाणपत्र आहे, तेव्हा त्यांना करात सूट मिळाली असती, आणि वर कोणाच्या नजरेस न येणारी साडेदहा लाखांची रोकड हातात पडली असती. सभागृहाचा पत्रा गळतो हे त्यांना कोणी सांगितले कोण जाणे, पण गरज हेरून आले होते खरे.

आता त्या दोन कचेऱ्या. एक प्राप्तिकर खाते, ते आपल्याला ऐकून माहीत आहे. दुसरी म्हणजे काळा पैसा धुऊन पांढरा करणाऱ्यांना धरणारी, सक्तवसुली संचालनालय, जिला वर्तमानपत्रात ईडी म्हणतात. दोन्ही दिल्लीच्या अर्थखात्याखालच्याच. दोन्ही पैशाच्याच मागे असल्यामुळे आपल्याला वाटते, की काम एकच. तसे नाही. प्राप्तिकरवाला विचारतो, किती मिळवलेस आणि त्यावर कर भरलास का? ईडीवाला विचारतो, हा पैसा आला कुठून, कोणत्या गुन्ह्याचे हे फळ आहे? पहिल्याला मापाची काळजी, दुसऱ्याला उगमाची.

यात एक गंमत आहे, ती समजायला मला दोन दिवस लागले. कर चुकवणारा आणि पैसा धुणारा हे दोघे उलट दिशेने चालतात. कर चुकवणाऱ्याचा धंदा पुष्कळदा सरळ असतो. दुकान चांगले चालते, पण तो विक्री कमी दाखवतो. म्हणजे असलेले लपवतो. पैसा धुणाऱ्याचे उलट. त्याने लाच खाल्लेली असते, नाही तर कोणाला बुडवलेले असते, आणि तो पैसा उजेडात आणायचा असतो. म्हणून तो एखादे दुकान थाटतो, तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही, पण वहीत मात्र रोज हजारोंची विक्री. म्हणजे नसलेले दाखवतो. आणि त्या खोट्या विक्रीवर तो मुकाट्याने करही भरतो! कर भरल्याची पावती हेच त्याचे साबण-पाणी. पुढे कोणी विचारले, की बंगला कशातून बांधला, तर तो ती पावती पुढे करतो. अशा माणसाकडे एकट्या प्राप्तिकर खात्याने पाहिले तर त्यांना तो सज्जन करदाताच दिसणार.

आपल्या भागातला प्रकार सांगायचा तर शेतीचा. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. तेव्हा काही लोकांच्या अर्ध्या एकर कोरडवाहू रानात कागदावर डाळिंबांचे नुसते घोस लटकतात. शेजारच्या बांधावर ज्वारीही धड येत नाही. आणि सात-बारा पुष्कळदा घरातल्या बाईच्या नावावर असतो, हे ध्यानात ठेवा. त्याकडे मी पुढे येणार आहे.

तर एका कचेरीला अर्धी गोष्ट दिसते आणि दुसरीला अर्धी. दोघींनी आपापली वही मिटून ठेवली तर काय होते, याचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. शिकागो शहरात अल् कपोन म्हणून एक टोळीवाला होता. तिकडे १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती, आणि चोरटी दारू व जुगार यांवर त्याने अमाप पैसा केला. खून-मारामाऱ्या पुष्कळ झाल्या, पण साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. तेव्हा तिथल्या कर खात्याच्या लोकांनी ठरवले, की खुनाचे राहू द्या, याने कर भरला आहे का तेवढे पाहू. चोरीच्या कमाईवरही कर द्यावाच लागतो असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९२७ साली झालेला होता. परंतु कमाई किती, हे सिद्ध कसे करायचे? कपोनच्या स्वतःच्या नावावर ना बँकेत खाते ना कुठे सही.

फ्रँक विल्सन नावाचा अधिकारी महिनोन् महिने कागद उलटीत राहिला, आणि एके दिवशी त्याला सरकारी कपाटातच तीन वह्या सापडल्या. १९२६ साली एका खुनानंतर जुगाराच्या अड्ड्यावर छापा पडला होता, त्यात जप्त झालेल्या जमाखर्चाच्या त्या वह्या. कोणाला किती वाटणी गेली ते त्यात लिहिलेले. जप्ती करणाऱ्यांनी त्या ठेवून दिल्या आणि कर खात्याला कोणी दाखवल्याच नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मग अक्षरावरून अक्षर जुळवत लिहिणारा मुनीम शोधून काढला, त्याची साक्ष झाली, आणि १९३१ च्या ऑक्टोबरात कपोनला अकरा वर्षांची सजा व पन्नास हजार डॉलर दंड झाला. खुनासाठी नव्हे, कर चुकवल्यासाठी. वह्या त्याच होत्या. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायला त्यांना चार वर्षे लागली.

पैसा धुणे हा स्वतंत्र गुन्हा अशी तरतूद अमेरिकेने १९८६ साली केली. आपल्याकडे मनी लाँडरिंगविरोधी कायदा संसदेने २००२ साली केला आणि तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्याच्या आधी, २००४ च्या नोव्हेंबरात, दिल्लीला एक तिसरी कचेरी उघडली, फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट नावाची. मराठीत आर्थिक गुप्तवार्ता विभाग म्हणू. ही कचेरी छापा घालत नाही, कोणाला पकडत नाही. टपाल कचेरीत आलेली पत्रे गावागणिक वेगळी करणारा माणूस असतो ना, तसे तिचे काम. देशभरच्या बँका, पतपेढ्या, विमा कंपन्या ठरावीक व्यवहारांची माहिती तिच्याकडे पाठवतात. ती माहिती चाळायची, जुळवायची, आणि हे प्राप्तिकराचे, हे ईडीचे, हे सी.बी.आय.चे, हे पोलिसांचे, अशी ज्याची त्याला पोचवायची. प्राप्तिकराच्या मध्यवर्ती मंडळाशी तिचा त्यासाठी लेखी करार आहे. शिवाय दोन्ही कायद्यांत असे कलमच आहे, की एका कचेरीकडची माहिती दुसऱ्या कचेरीला देता येते.

कोणते व्यवहार बँक कळवते? हे मात्र लक्ष देऊन ऐका, कारण आपल्या ठरावाचे कारण इथे आहे. दहा लाखांच्या वरचा रोखीचा भरणा किंवा उचल, ही पहिली गोष्ट. कोणी म्हणेल, आम्ही दोन-दोन लाख करून काढू. तर एका महिन्यात एकमेकांशी जोडलेल्या अशा लहान रकमांची बेरीज दहा लाखांच्या वर गेली, तरीही ते कळवायचे. दुसरे, धर्मादाय किंवा सेवाभावी संस्थेच्या खात्यात दहा लाखांच्या वर रक्कम जमा झाली तर ती, मग ती धनादेशाने का असेना. तिसरे, संशयास्पद व्यवहार, आणि त्याला रकमेची मर्यादा नाही. ज्या खात्यात वर्षानुवर्षे पाचशे-हजारांच्या वर्गण्या जमा होत होत्या त्यात एकदम बारा लाख आले आणि आठवड्यात बाहेर गेले, तर कारकुनाला संशय यायला फार हुशारी लागत नाही. आणि असा संशय कळवल्याचे बँकेने खातेदाराला सांगायचे नाही, असा नियम आहे. म्हणजे मॅनेजरसाहेब चहा पाजतील, हसून बोलतील, आणि कागद दिल्लीला गेलेला असेल.

शिवाय २०२३ च्या मार्चपासून बँकांना आपल्यासारख्या संस्थांची नोंद नीती आयोगाच्या 'दर्पण' नावाच्या पोर्टलवर करावी लागते. गेल्या वर्षी बँकेने आपल्याकडून घटना, पदाधिकाऱ्यांची नावे आणि पॅन कार्डे मागितली तेव्हा चिटणीसबाई वैतागल्या होत्या. ते त्यासाठीच.

आता त्या बारा लाखांचा प्रवास मनात आणून बघा. ते आपल्या खात्यात येताच एक कागद आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे. साडेदहा लाख रोख काढले की दुसरा कागद तिथेच. देणगीदार गृहस्थ सूट मागण्यासाठी आपली पावती लावणार, तो तिसरा कागद प्राप्तिकर खात्याकडे. आणि शिलाई यंत्रांची बिले! त्या दुकानदाराने खरेच यंत्रे विकली असतील तर त्याच्या जी.एस.टी.च्या विवरणात ती दिसायला हवीत. ७ जुलै २०२३ च्या अधिसूचनेने जी.एस.टी.चे जाळेही या माहितीच्या देवाणघेवाणीत आणले आहे. त्या वेळी व्यापाऱ्यांनी पुष्कळ ओरड केली होती, ती आपण बातम्यांत ऐकली. तर हे चार कागद चार ठिकाणी असेपर्यंत काही नाही. पण एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, की लहान मुलालाही कळेल, बारा लाख आले, साडेदहा लाख गेले, आणि यंत्र एकही नाही. मग पावतीवर सही कोणाची? कोषाध्यक्ष म्हणून माझी आणि अध्यक्षीणबाईंची. गृहस्थांचे नाव शेवटी, आमचे आधी.

कोणी म्हणेल, हा कर चुकवण्याचा मामला, फार तर दंड होईल. ईडीचा यात काय संबंध? इथे कायदा बारीक आहे. आपल्या देशात नुसता प्राप्तिकर चुकवणे हा पैसे धुण्याच्या कायद्याखालचा गुन्हा नाही. परदेशात लपवलेल्या संपत्तीवरचा कर जाणूनबुजून चुकवणे मात्र २०१५ च्या कायद्याने त्यात आले. एरवी आधी दुसरा कोणता तरी मूळ गुन्हा लागतो, जसा फसवणुकीचा, लाचेचा, अमली पदार्थांचा. तेव्हा त्या गृहस्थांचा पैसा कष्टाचा असता तर आपण फक्त एका कचेरीचे गुन्हेगार झालो असतो. पण तो कष्टाचा आहे हे आपल्याला कोणी सांगितले? आपल्या जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या, म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी गेल्या. त्या ठेवी गेल्या कुठे? अशाच कुठल्या तरी दहा खात्यांतून फिरून गेल्या असतील. त्या दहातले एक खाते महिला मंडळाचे असावे, हे मला सहन झाले नसते. सोवळे म्हणा की काही म्हणा.

आता स्त्रियांच्या नावाविषयी. या विषयात आपले नाव फार स्वस्त आहे, मैत्रिणींनो. घरात दागिना घ्यायचा तर दहादा विचारतात, आणि सही घ्यायची तर कागद वळवून फक्त बोट ठेवतात, "इथे कर." बेनामी व्यवहाराचा कायदा १९८८ सालचा, तो १ नोव्हेंबर २०१६ पासून पुष्कळ कडक झाला आणि तो चालवणारे अधिकारी प्राप्तिकर खात्याचेच असतात. नवऱ्याने आपल्या उजळ, हिशेबी कमाईतून बायकोच्या नावावर घर घेतले तर ते बेनामी नव्हे. तेवढी भीती बाळगू नका. पण पैसा कुठला हे दाखवता येत नसेल, किंवा दिराने, शेठजीने, नवऱ्याच्या भागीदाराने आपली जमीन तुमच्या नावावर 'नुसती ठेवली' असेल, तर ती जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि नाव देणारीलाही एक ते सात वर्षांची सजा सांगितली आहे. यात १ ऑक्टोबर २०२४ पासून एक चांगला बदल झाला. जिच्या नावाचा वापर झाला, तिने खरे ते सगळे उघड सांगितले तर तिला दंड आणि खटला यांतून माफी देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला मिळाला. मूळ मालकाला ती सवलत नाही. ही गोष्ट बायकांपर्यंत पोचली पाहिजे, कारण नाव देणारी बहुतेक वेळा घरातली बाई नाही तर घरचा गडी.

पैसे धुण्याच्या कायद्यात तीन ते सात वर्षे सजा आहे आणि जामीन मिळणे फार अवघड आहे. त्यात स्त्री, आजारी माणूस आणि सोळा वर्षांखालचे मूल यांना न्यायालय सवलत देऊ शकते. हे वाचून मला बरे वाटायला हवे होते. पण मुलांच्या आणि आजाऱ्यांच्या रांगेत आपल्याला बसवलेले पाहून थोडे हसूही आले. आणि अशीही शंका आली, की ही सवलत आहे म्हणूनच तर आपले नाव पुढे करीत नसतील?

खाते उसने देण्याचे तर आता पेवच फुटले आहे. कोणी ओळखीचा मुलगा येतो, "काकू, तुमच्या खात्यात चार पैसे येतील, मी कार्डाने काढून घेईन, तुम्हाला महिन्याला दोन हजार." ते चार पैसे बहुधा कुठल्या तरी निवृत्त मास्तरांना फोनवर धमकावून लुबाडलेले असतात. अशी उसनी खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या डिसेंबरात 'म्यूलहंटर' नावाची संगणकाची युक्ती जाहीर केली. म्यूल म्हणजे खेचर. दुसऱ्याचे ओझे वाहणारे. शब्द झोंबतो, पण खोटा नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हाही सरकारला जाहीर बजवावे लागले होते, की आपल्या जनधन खात्यात दुसऱ्याचे पैसे भरू देऊ नका.

इथवर मी त्या कचेऱ्यांची बाजू सांगितली. पण माझी सगळीच वाहवा आहे असे समजू नका. माहिती इकडून तिकडे जायला एक क्षण लागतो. आपला खुलासा इकडून तिकडे जायला वर्षे लागतात. त्याच नोटाबंदीतली हकीकत आहे. ९ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६ या दिवसांत ज्यांनी बचत खात्यात अडीच लाख किंवा जास्त रोख भरली त्यांची यादी बँकांनी प्राप्तिकर खात्याला द्यायची होती. त्याखाली गृहिणींना त्रास होणार नाही असे सांगितले होते. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने २,११,५०० रुपये भरले. नवऱ्याने, मुलाने, नातेवाइकांनी वेळोवेळी दिलेल्या पैशांतून साठवलेले. डब्यातले, फडताळातले, साडीच्या घडीतले. आपल्याला सांगायला नको. पण अधिकाऱ्याने ते बेहिशेबी उत्पन्न धरले. पहिल्या अपिलातही ती हरली. शेवटी २०२१ च्या जूनमध्ये आग्र्याच्या अपील न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि अडीच लाखांच्या आतल्या अशा भरण्याच्या बाबतीत इतर गृहिणींनाही हा निकाल लागू पडेल असे म्हटले. घर चालवणारी बाई काटकसर करून पैसे राखते, हे सांगायला एका गृहिणीला साडेचार वर्षे लागली! ती धीराची म्हणायची. आपल्यापैकी किती जणी वकील लावून आग्र्यापर्यंत गेल्या असत्या?

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की कचेऱ्यांनी वह्या जुळवाव्यात, जरूर जुळवाव्यात. नाही तर पतसंस्था बुडवणारे मोकळे फिरतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये पनामा देशातले कागद फुटले तेव्हा सरकारने प्राप्तिकर, ईडी, आर्थिक गुप्तवार्ता विभाग आणि रिझर्व्ह बँक यांचा एकत्र गट नेमला, तो योग्यच होता. पण जशी संशयाची चिठ्ठी एकीकडून दुसरीकडे जाते, तशीच 'या बाईचा खुलासा तपासला, बरोबर आहे' ही चिठ्ठीही जायला हवी. एका कचेरीचे समाधान झाले तरी दुसरीने पुन्हा पहिल्यापासून विचारावे, असे होऊ नये. कायद्यात त्याची सोय करणे वरच्यांचे काम आहे. आपल्याला निवेदन पाठवता येईल, आणि ते आपण पाठवावे अशी मी सूचना मांडते.

तोवर आपल्या हातात काय आहे? वही. भिशीचे, पापडाच्या विक्रीचे, भाऊबिजेला मिळालेले पैसे तारीख घालून लिहून ठेवा. शंभर पानी वही पुरते. बाई म्हणतात, "नवऱ्याने वाचली तर?" त्याला काही माझ्याकडे उत्तर नाही, माझी मी शिवणाच्या पेटीत ठेवते.

दुसरे म्हणजे, प्राप्तिकर खात्याला आपल्याविषयी काय काय कळले आहे ते २०२१ च्या नोव्हेंबरपासून आपल्याला संगणकावर पाहता येते. त्याला वार्षिक माहिती विवरण म्हणतात. त्यात व्याज, मोठे भरणे, जमिनीचे व्यवहार असतात, आणि एखादी नोंद आपली नसेल तर 'ही माझी नाही' असे तिथेच कळवता येते. आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे गेलेले कागद मात्र आपल्याला दिसत नाहीत. आपल्या नावावर न कळत काही चालले आहे की काय, याचा निदान अर्धा तरी सुगावा या विवरणातून लागतो.

येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता माझा भाचा त्याचा लॅपटॉप घेऊन सभागृहात येणार आहे. ज्यांना आपले विवरण पाहायचे असेल त्यांनी पॅन कार्ड आणि मोबाइल घेऊन यावे. मोबाइलवर जो आकडा येईल तो स्वतःच्या हाताने घालायचा, कोणाला सांगायचा नाही; त्यालाही नाही. चष्मा विसरू नका. आणि पाऊस असला तर उजव्या बाजूच्या खुर्च्यांवर बसू नका, तिकडे अजून गळते.